गव्हाची सक्ती आणि वऱ्हाडची भाकर

अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या एखाद्या रुग्णालयात शेतमजुराच्या मुलीच्या केसपेपरवर डॉक्टर जेव्हा ‘गहू कायमचा बंद’ असे तीन शब्द लिहितात, तेव्हा वैद्यकशास्त्राचे मुख्य काम संपलेले असते आणि अर्थशास्त्राचे सुरू होते. या आजाराला सीलिअ‍ॅक म्हणतात. त्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही, शस्त्रक्रिया नाही. गहू, जव आणि राय ही तीन धान्ये कोणत्याही रूपाने जन्मभर पोटात जाऊ न देणे, एवढाच उपचार आहे. म्हणजे या रोग्यापुरते औषधाचे दुकान आणि धान्याचे दुकान एकच झाले. आणि गरिबाचे धान्याचे दुकान म्हणजे रेशनचे दुकान. त्या दुकानात काय मिळावे हे डॉक्टर ठरवीत नाही, रोगी ठरवीत नाही, त्याच्या गावची जमीनही ठरवीत नाही. ते शासन ठरविते. म्हणूनच हा कोणा एकाच्या पथ्यपाण्याचा प्रश्न आहे असे म्हणून कार्यकर्त्यांना तो बाजूस सारता येणार नाही.

रोगाचे स्वरूप

गव्हाच्या कणकेला जो चिवटपणा येतो तो तिच्यातील ग्लुटेन या प्रथिनामुळे. बहुसंख्य माणसांना ते सहज पचते व त्यांना त्याचा काहीही अपाय होत नाही. परंतु काही माणसांच्या शरीरात, आनुवंशिक प्रवृत्तीमुळे, ग्लुटेन आत जाताच शरीराची संरक्षणव्यवस्थाच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे आतड्याचे सूक्ष्म अंकुर झिजून सपाट होतात. मग पोटभर जेवूनही शरीर उपाशी राहते. लहान मुलाचे पोट फुगते, हातपाय काटक्यांसारखे होतात, जुलाब थांबत नाहीत, उंची खुंटते. कित्येकदा पोटाची कोणतीच तक्रार नसते. लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षे खाऊनही न हटणारा पंडुरोग, लांबलेली ऋतुप्राप्ती, वारंवार होणारे गर्भपात किंवा ऐन उमेदीत ठिसूळ झालेली हाडे हीच काय ती लक्षणे. रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांची तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीने आतड्याचा बारीकसा तुकडा काढून त्याची परीक्षा, यांतून निदान होते. मात्र ही तपासणी रोगी गहू खात असतानाच व्हावी लागते. आधी गहू सोडला आणि मागून तपासणी केली, तर निकाल फसवा येऊ शकतो.

या रोगाचे खरे कारण जगाला समजले ते दुष्काळाच्या छायेत. विल्यम डिकी नावाचे डच बालरोगतज्ज्ञ गव्हाचा आणि या आजाराचा संबंध १९३० नंतरच्या दशकापासून तपासत होते. १९४४–४५ च्या हिवाळ्यात नाझी सैन्याच्या कोंडीमुळे हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला. हजारो माणसे भुकेने मेली. त्याच काळात सीलिअ‍ॅकने आजारी असलेली मुले मात्र सुधारू लागली, आणि पाव पुन्हा मिळू लागताच खालावली, असे डिकी यांच्या ध्यानात आले. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला. धान्य बदलले की रोग बदलतो, ही गोष्ट तेव्हापासून सिद्ध आहे. प्रश्न एवढाच उरतो, की धान्य बदलण्याची सत्ता कोणाच्या हाती आहे?

गहू आला कोठून?

भारतापुरते पाहिले तर उत्तर, ईशान्य व दक्षिण अशा तीन विभागांतील २३ हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. उत्तरेत हजारात सुमारे १२, ईशान्येत सुमारे ९ आणि दक्षिणेत केवळ १ असे या रोगाची प्रतिपिंडे रक्तात असणाऱ्यांचे प्रमाण आढळले. आनुवंशिक प्रवृत्ती तिन्ही विभागांत होती; पण उत्तरेत गहू मुख्य अन्न आहे आणि दक्षिणेत तो नाममात्र. ईशान्येचा आकडा सांगतो की गहू हे एकमेव कारण नव्हे. तथापि ज्याच्या ताटात गहू नाही त्याला हा रोग जडत नाही, हेही तितकेच खरे. तेव्हा भाकरीच्या मुलखात पोळी कशी शिरली, हा इतिहास येथे अप्रस्तुत ठरत नाही.

वऱ्हाडची काळी जमीन पिढ्यान्‌पिढ्या दोन पिकांची राहिली. विकण्यासाठी पराटी आणि खाण्यासाठी ज्वारी. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, आगगाडी अकोला-बडनेऱ्यापर्यंत आली आणि कापसाचे क्षेत्र फुगले. तरीही ज्वारी हटली नाही. कारण ती माणसाला भाकर देत होती, बैलाला कडबा देत होती आणि सालदाराचे सालही तिच्यातच चुकते होत होते. स्वातंत्र्यानंतर देशाची अन्नतूट भरून काढण्यासाठी १९५६ पासून अमेरिकेच्या पी. एल. ४८० करारान्वये गहू येऊ लागला व रेशनच्या दुकानांतून तो गावोगाव पोचला. पुढे पंजाब-हरियाणातील हरितक्रांतीने देश गव्हात स्वयंपूर्ण झाला, ही कामगिरी कोणी नाकारू नये. पण त्या क्रांतीबरोबर खरेदीची जी यंत्रणा उभी राहिली, ती मुख्यतः गहू आणि तांदूळ याच दोन धान्यांसाठी. ज्वारीला हमीभाव कागदावर मिळाला. तिच्या खरेदीची हमी मात्र गहू-तांदळासारखी कधीच मिळाली नाही. नव्वदीनंतर सोयाबीन आले. काढणीच्या वेळी पाऊस लागला की काळी पडणारी, पाखरे व रानडुकरे यांनी फस्त केलेली, मजुरी वाढली की न परवडणारी आणि बाजारात कोणी न विचारणारी ज्वारी शेतकऱ्याने सोडली, यात त्याचा दोष कोणता? त्याने हिशेब केला आणि हिशेब बरोबर होता. हिशेबाचे आकडे मात्र दुसऱ्याने मांडलेले होते.

अशा रीतीने वऱ्हाडात ज्वारी विकत घेण्याचे धान्य झाले आणि गहू फुकटचे. पूर्वी पोळी सणासुदीला होई व भाकर रोजची असे. आता कित्येक मजुरांच्या घरी हा क्रम उलटला आहे.

एका घराचा हिशेब

आता त्या मुलीकडे परत यावे. ती अकोला जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यातील समजावी. घरात पाच माणसे आहेत व कुटुंब प्राधान्य गटात आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यान्वये त्यांना दरमहा माणशी ५ किलो, म्हणजे २५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. त्यात गहू किती आणि तांदूळ किती हे वरून ठरून येते. दुकानदाराच्या यंत्रावर नियतन ठरलेले असते. डॉक्टरची चिठ्ठी दाखवून ते बदलण्याची सोय त्यात नाही.

मुलीसाठी महिन्याला १० किलो ज्वारी बाहेरून आणावी लागली असे धरू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये ठरविला. त्या भावानेही १० किलोला ३७० रुपये पडतात. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे एका मुलीच्या भाकरीसाठी एका दिवसाहून अधिक मजुरी गेली. परंतु हा हिशेबही अपुरा आहे. एकाच परातीत कणीक मळायची, त्याच पोळपाटावर लाटायची, त्याच तव्यावर भाजायची आणि मुलीची भाकर तेवढी निराळी ठेवायची, हे एका खोलीच्या घरात जमत नाही. आणि पोळीचा लहानसा तुकडा रोज पोटात गेला तरी आतडे पुन्हा बिघडते. सबंध घराने ज्वारी धरली तर ५० किलोला १,८५० रुपये, म्हणजे जवळजवळ सहा दिवसांची मजुरी. रोग एकीला आणि दंड सगळ्या घराला!

शहरातील सुखवस्तू रोग्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्यासाठी मोठ्या दुकानांत ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापलेली पिठे आणि बिस्किटे आहेत. किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असलेल्या पदार्थावर हा शब्द छापता येत नाही, असा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. नियम योग्यच आहे. पण त्या पिठाचा भाव साध्या पिठाच्या कितीतरी पट असतो. ज्याला काहीही झालेले नाही असा वर्गही आता फॅशन म्हणून गहू सोडून त्या पुडक्यांकडे वळला आहे. एकीकडे श्रीमंताची हौस आणि दुसरीकडे गरिबाचे औषध एकाच फळीवर ठेवले, की बाजार कोणाकडे पाहून भाव लावील हे सांगावयास नको.

रोजचे जगणे

पथ्य पाळणे म्हणजे पोळी सोडणे, इतके ते सोपे नाही. गावच्या गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी दळली तर तिच्यात गव्हाचे पीठ मिसळते. बाजारातील बांधानी हिंगात पुष्कळदा कणीक किंवा मैदा असतो. रवा, शेवया, पाव, खारी, टोस्ट, बिस्किट ही तर उघडच गव्हाची रूपे. शाळेची खिचडी तांदळाची म्हणून चालते. पण वर्गात कोणाच्या वाढदिवसाला वाटलेले बिस्किट चालत नाही. वऱ्हाडात वावरात होणारे रोडगे, भंडाऱ्याची बुंदी-पुरी, सत्यनारायणाचा शिरा, लग्नातील पंगत यांपैकी प्रत्येक ठिकाणी त्या मुलीला ‘नाही’ म्हणावे लागते, आणि प्रसादाला ‘नाही’ म्हणणारी सून कोणत्या नजरेने पाहिली जाते हे आपल्या समाजाला शिकवावयास नको. लग्न ठरताना आजार लपविला जातो, आणि लपविलेल्या आजाराचे पथ्य सासरी पाळता येत नाही. गंमत अशी, की साबुदाणा, भगर, राजगिरा, शेंगदाणे असे उपवासाचे ताट हेच या रोग्याला सर्वांत निर्धास्त ताट होय. परंतु माणसाला वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस उपवासावर काढता येत नाहीत.

पथ्य सुरू झाले म्हणजे सर्व संपले असेही नाही. मुलांचे आतडे काही महिन्यांत सुधारू लागते. प्रौढांना कित्येकदा दोन वर्षे व त्याहूनही अधिक काळ लागतो. दरम्यान रक्तातील लोह, ब-१२ व ड जीवनसत्त्व यांवर लक्ष ठेवावे लागते, हाडांची घनता पाहावी लागते, मुलांची उंची व वजन नोंदवावे लागते. थायरॉइडचे विकार आणि बालवयातील मधुमेह या रोगाच्या सोबतीने अधिक आढळतात, म्हणून त्यांचीही तपासणी लागते. प्रतिपिंडे उतरली की नाहीत हे वर्षातून एकदा तरी बघावे लागते. सख्ख्या भावंडांना व आईवडिलांना हा रोग असण्याचा संभव इतरांहून कितीतरी अधिक असल्याने त्यांचेही रक्त तपासणे इष्ट. धारणी किंवा चिखलदऱ्याहून अमरावतीस यावयाचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवून घाट उतरावयाचा. असा रोगी एकदा येतो, दुसऱ्यांदा येतो आणि तिसऱ्यांदा येत नाही.

मेळघाटचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तेथील कोरकू बालकांच्या कुपोषणाचे मूळ दारिद्र्यात, जंगलावरील हक्क हिरावले जाण्यात व आरोग्यसेवेच्या दुर्भिक्षात आहे. त्यास सीलिअ‍ॅकचे नाव देऊन शासनाला सुटका करून देण्याचे कारण नाही. विदर्भात पंडुरोगाचीही कारणे अनेक आहेत. सिकलसेल आहे, जंत आहेत, अर्धपोटी बाळंतपणे आहेत. परंतु अंगणवाडीचा आहार नियमित घेऊनही ज्या मुलाचे वजन वाढत नाही, त्याच्या बाबतीत तो आहारच गव्हाचा असेल तर काय, हा प्रश्न कोणीतरी विचारला पाहिजे. अशा मुलाला आपण मदत म्हणून जे भरवितो तेच त्याला अपाय करीत असेल, तर त्या मदतीस काय म्हणावे?

‘थोड्यांचा प्रश्न’

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: असे रोगी थोडे, त्यांच्यासाठी यंत्रणा कशी बदलावी? याचे उत्तर असे, की कल्याणकारी राज्याची कसोटी सरासरी माणसावर लागत नाही. सरासरीत न बसणाऱ्या माणसाचे ते काय करते, यावर लागते. इटलीने २००५ साली कायदा करून सीलिअ‍ॅक हा सामाजिक रोग मानला. तेथे रोग्याला ग्लुटेनमुक्त अन्नासाठी दरमहा साहाय्य मिळते व सार्वजनिक भोजनालयांत मागणी केल्यास तसे जेवण द्यावे लागते. त्या देशाचे मुख्य अन्न गहू. त्याला पर्याय महागाईने निर्माण करावा लागला. आपल्याकडे पर्याय वावरात उगवतो. जे इटलीला तिजोरीतून करावे लागते ते वऱ्हाडात धोरण बदलून होण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप: कायद्यात तशी तरतूद कोठे आहे? ती आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतच तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असे तिन्हींचे दर लिहिलेले होते. भरडधान्याची हमीभावाने खरेदी करून ते रेशनवर वाटण्याची मुभा केंद्राने राज्यांना दिलेली आहे; २०२१ च्या अखेरीस ज्वारीच्या वाटपाची मुदत वाढविण्यात आली. शेजारचे कर्नाटक दक्षिणेकडील जिल्ह्यांत नाचणी आणि उत्तरेकडील जिल्ह्यांत ज्वारी रेशनवर देत आले आहे. आपल्याकडेही अधूनमधून ज्वारी वाटली जाते. पण ती गोदामात साठा आहे म्हणून, रोग्याचा हक्क आहे म्हणून नव्हे. आणि यंत्रणा बदलता येत नाही म्हणावे, तर २०२३ मध्ये याच अमरावती विभागातील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी १५० रुपये देण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतलाच ना? धान्य बंद करावयाचे असेल तेव्हा यंत्रणा लवचिक होते. धान्य बदलून द्यावयाचे म्हटले की ती ताठर होते.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले व त्यासाठी पुढाकार भारताचाच होता. ज्वारी-बाजरीला ‘श्री अन्न’ हे नाव मिळाले, प्रदर्शने भरली, मेजवान्या झाल्या. नाव मिळाले, मान मिळाला, परंतु रेशनच्या दुकानात नियमित जागा मिळाली नाही. अकोल्यात १९६९ पासून पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ आहे आणि ज्वारीवरील संशोधन हा त्याच्या कामाचा भाग आहे. वाण आहेत, जमीन आहे, खाणारी तोंडे आहेत. तुटलेला दुवा एकच आहे, आणि तो म्हणजे खरेदी.

काय मागावे, काय करावे

मागण्या मोजक्या व स्पष्ट असाव्यात. शासकीय डॉक्टरने सीलिअ‍ॅकचे निदान लेखी दिल्यास त्या कुटुंबाचा गव्हाचा संपूर्ण वाटा ज्वारीत किंवा तांदळात बदलून मिळावा. वऱ्हाडातील ज्वारी हमीभावाने वऱ्हाडातच खरेदी व्हावी आणि वऱ्हाडातच वाटली जावी. जिल्हा रुग्णालयांत रक्ततपासणी मोफत व्हावी. लोहाच्या गोळ्यांनी न सुधारणारी किशोरवयीन मुलगी व आहार देऊनही वजन न वाढणारे मूल यांची ती आवर्जून व्हावी, आणि वार्षिक तपासणीची सोय उपजिल्हा रुग्णालयापर्यंत यावी. अंगणवाडी, आश्रमशाळा, वसतिगृह आणि रुग्णालयाचा भटारखाना यांत अशा मुलांसाठी गव्हाविना जेवण बंधनकारक असावे.

यांतील काहीही आपोआप होणार नाही. पण कार्यकर्त्यांना आजपासून करता येईल असे काम पुष्कळ आहे. अन्न सुरक्षा कायद्यान्वये दक्षता समित्यांची तरतूद आहे. तेथे हा विषय मांडावा. ग्रामसभेत ठराव करून तो तहसीलदाराकडे व जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे पाठवावा. जिल्हा परिषदा महिलांना अनुदानावर पिठाच्या गिरण्या देतात. त्यांतील एखादी गिरणी केवळ ज्वारी-बाजरीसाठी राखून ठेवण्याचा आग्रह बचत गटांनी धरावा. ते जमले नाही तरी गिरणीवाल्याशी बोलून आठवड्यातील एका सकाळी गिरणी झाडूनपुसून, आरंभीचे पसाभर पीठ बाजूला काढून मग रोग्याची ज्वारी दळून घेण्याची व्यवस्था करता येते. त्यास शासनाचा आदेश लागत नाही, शेजारधर्म पुरतो. आणि एक सावधगिरी अवश्य बाळगावी. गहू हे विष आहे असा प्रचार करू नये. रेशनचा गहू आज लाखो घरांची चूल पेटती ठेवतो. त्यावरील हक्क कमकुवत होईल असे एक अक्षरही आपल्या तोंडून जाऊ नये. तपासणीविना कोणी गहू सोडू नये आणि तपासणीनंतर कोणावर गहू लादला जाऊ नये, इतकेच सांगावे.

अन्नाचा हक्क म्हणजे पोटात काहीतरी ढकलण्याचा हक्क नव्हे. जे अन्न अंगी लागते ते मिळण्याचा तो हक्क आहे. ज्या मातीने शंभर वर्षे जगाला कापूस पुरविला आणि स्वतःला ज्वारी पुरविली, त्या मातीतील एका मजुराच्या मुलीला भाकर विकत घ्यावी लागावी, आणि ती परवडत नाही म्हणून फुकटच्या गव्हाने तिचे आतडे झिजत जावे, ही नियती नाही. ते नियतन आहे, आणि नियतन बदलता येते.